मग तुम्ही तिथं बसून काय करता?

प्रयोग संपतो, प्रेक्षक उठतात आणि दोनचार जण हमखास माझ्या टेबलापाशी रेंगाळतात. नाटकातल्या दिव्यांचा बोर्ड मी चालवते: दोन स्क्रीन, फेडरच्या, म्हणजे दिवे कमीजास्त करायच्या सरकत्या दांड्यांच्या, रांगा, एक बारका निळा दिवा. सगळं निरखून झालं की प्रश्न येतो, "हे सगळं आधीच भरून ठेवलेलं असतं ना? मग तुम्ही तिथं बसून काय करता?" कुणी अदबीनं विचारतं, कुणी हसत हसत. मागे एका नऊ-दहा वर्षांच्या मुलीनं सरळच विचारलं, "मग तुम्ही घरी का जात नाही?" तिची आई ओशाळली. मला पटकन काही सुचलं नाही, मीही नुसतीच हसले. तुम्ही विचारलंत म्हणून आता सवडीनं सांगते.

आधी कबुली देऊन टाकते. होय, भरून ठेवलेलं असतं. तालमीत प्रकाशयोजनाकार आणि दिग्दर्शक शेजारी बसून एकेक चित्र बांधतात, मी ते बोर्डात नोंदवते. अशा एका चित्राला आम्ही क्यू म्हणतो. कुठला दिवा किती टक्के, तिथवर यायला त्याला किती सेकंद, आधीच्या दिव्यांना जायला किती सेकंद, एवढं त्यात असतं. दोन तासांच्या नाटकात असे शंभरएक क्यू सहज होतात. बोर्ड त्यांचे आकडे करून केबलमधून दिव्यांकडे पाठवतो. ही आकड्यांची भाषा १९८६ साली ठरली, नाव डीएमएक्स ५१२. एका ओळीवर ५१२ चॅनेल, प्रत्येकाला ० ते २५५ मधला एक आकडा, आणि ही अख्खी यादी सेकंदाला चाळीसेक वेळा पुन्हा पुन्हा पाठवली जाते. साध्या दिव्याला एक चॅनेल पुरतो, मान फिरवणाऱ्या आणि रंग बदलणाऱ्या मूव्हिंग हेडला वीस-तीसही लागतात. गंमत म्हणजे ही वाहतूक मुळात एकतर्फी आहे. आकडा पोचला का, बरोबर पोचला का, याची पावती येत नाही. म्हणूनच जिथं चुकीमुळे कुणाला इजा होऊ शकते तिथं ही पद्धत वापरू नये, असं त्या मानकातच बजावून ठेवलंय. दिवा चुकला तर कुणी मरत नाही, हा आमच्या धंद्यातला दिलासा.

तर बोर्डाला काय आणि किती हे पाठ असतं. कधी, ते माहीत नसतं. त्यासाठी एक मोठं बटण आहे. त्यावर 'गो' लिहिलेलं असतं आणि प्रयोगभर माझं बोट त्याच्या आसपास असतं.

एका नाटकाचा शेवट सांगते. म्हातारा बाप मुलाचं पत्र वाचतो, घडी घालतो, "बरं" म्हणतो, आणि अंधार. क्यू शीटवर लिहिलं होतं: 'बरं' नंतर, सहा सेकंद. पहिले पाच-सहा प्रयोग मी शब्दावर बटण दाबत होते आणि दर वेळी काहीतरी खटकत होतं. मग एकदा लक्षात आलं की नट 'बरं' म्हणून थांबतच नाही. तो घडीवरून अंगठा फिरवतो. कधी एकदा, कधी दोनदा. प्रेक्षागृह गप्पगार असेल त्या दिवशी बराच वेळ. अंगठा थांबला की त्याचे खांदे किंचित उतरतात. क्यू तिथं होता. शीटवर मात्र मी तो दुरुस्त केला नाही. 'खांदे उतरल्यावर' असं लिहिलं असतं तर माझ्या जागी येणारा ऑपरेटर दुर्बीण मागत बसला असता.

आणि खांदे उतरल्यावर दाबूनही चालत नाही, उतरायला लागले की दाबावं लागतं. सहा सेकंदांच्या फेडचा, म्हणजे उजेड हळूहळू बदलण्याचा, पहिला सेकंद डोळ्याला जवळजवळ कळतच नाही. प्रेक्षकाला उजेड खांद्यांबरोबर गेल्यासारखा वाटायचा असेल तर मला आधी निघावं लागतं. ब्लॅकआऊटचं, म्हणजे एकदम अंधार करण्याचं, दुखणं वेगळं. बोर्डावर शून्य सेकंद लिहिले तरी हॅलोजन दिवा शून्य सेकंदांत विझत नाही. त्याची टंगस्टनची तार तापलेली असते, ती निवेपर्यंत लालसर धुगधुगत राहते; दिवा जितका मोठा तितकी तार जाड आणि धुगधुगी लांब. एलईडी मात्र सुरीनं कापल्यासारखा जातो. दोन्ही जातीचे दिवे एकाच दृश्यात असले की एलईडी गेलेले, हॅलोजन अजून रेंगाळतायत, आणि त्या लालसर उजेडात 'मेलेला' नट कोपर टेकून उठताना दिसतो. मग एलईडींना मुद्दाम थोडा जास्त वेळ द्यायचा, म्हणजे सगळे एकदम गेल्यासारखे वाटतात. हे गणित बोर्ड सांभाळतो. मेलेला नट कधी मेला, ते मला बघावं लागतं.

गाण्यांच्या मोठ्या कार्यक्रमांत त्या मुलीचं म्हणणं बरंचसं खरं ठरतं. तिथं वाद्यवृंद कानात ठरलेला ठेका ऐकत वाजवत असेल, तर त्याच रेकॉर्डिंगबरोबर धावणारा टाइमकोड, म्हणजे वेळेचा संकेत, बोर्डाला जोडता येतो आणि क्यू आपोआप पडत जातात. ऑपरेटर असतो, पण बहुतेक वेळ अडीअडचणीपुरता. नाटकात नटाच्या कानात असलं काही नसतं. तो आज हसऱ्या प्रेक्षकांपुढे आठ मिनिटं जास्त खेळतो, उद्या सर्दीमुळे सगळं उरकतो.

मोठ्या संचात 'कधी' ठरवणारा आणखी एक माणूस असतो, रंगमंच व्यवस्थापक. हेडफोनवर त्याचा आवाज येतो: "लाइट चोवीस, स्टँडबाय." मी म्हणते, "स्टँडबाय." मग शांतता, आणि "चोवीस... गो." हा 'गो' शब्द हेडफोनवर दुसऱ्या कशासाठी म्हणजे कशासाठीच उच्चारायचा नाही, कारण बोटाला अर्थ कळत नाही, त्याला फक्त आवाज कळतो. मी दोन्ही पद्धतींनी काम केलंय, कुणाच्या तरी इशाऱ्यावर आणि संहिता पुढ्यात ठेवून एकटीनं. पसंती विचाराल तर ध्वनी, पडदा आणि दिवे एका क्षणी जुळवायचे असतील तिथं हेडफोनवरचा माणूस हवाच. पण त्या बापाच्या खांद्यांसारखे क्यू त्यानं माझ्यावर सोडावेत. त्याचं तोंड आणि माझं कान-बोट यांत जो पाव सेकंद जातो, तेवढ्यानं ते नासतात.

आता चुकांकडे. माझी सगळ्यात जुनी चूक म्हणजे डबल गो. दुपारची संध्याकाळ व्हायची होती, वीस सेकंदांचा फेड. मी बटण दाबलं, रंगमंचाकडे पाहिलं, काहीच हललेलं दिसेना. वाटलं, बटण लागलं नाही. पुन्हा दाबलं. आधीचा फेड आपला निमूटपणे सुरू झालेला होता, फक्त दिसत नव्हता. दुसऱ्या गोनं पुढचा क्यू उचलला आणि नायिका चहाचे कप गोळा करत असतानाच मध्यरात्र झाली. मागे जायचं बटण असतं. घाबरून ते दाबलं, तशी मध्यरात्रीची परत दुपार! पहिली चूक थोड्यांनी पाहिली असती, ही सगळ्यांनी पाहिली. तेव्हापासून गो दाबलं की आधी नजर स्क्रीनवर. तिथं सेकंद उलटे धावत असले की हात मागे.

नट पानं गाळतात तेव्हाची धावपळ याहून मोठी. एकदा एकसारखी दोन वाक्यं होती, एक एकेचाळिसाव्या पानावर, एक शेहेचाळिसाव्या. नटानं पहिलं म्हणायच्या जागी दुसरं म्हटलं आणि समोरच्यानं इमानानं त्याचं उत्तर दिलं. मधले सात क्यू हवेत. अशा वेळी एकेक गो दाबत पळत सुटायचं नाही, क्यूचा नंबर टाकून थेट तिथं जायचं. पण नंबर माहीत हवा. म्हणून माझ्या संहितेच्या समासात क्यू नंबराबरोबर 'खिडकीत ऊन', 'फक्त टेबल' असे दोन-दोन शब्द लिहिलेले असतात. पानं उलटत असताना आकडे वाचून काही बोध होत नाही, शब्द डोळ्यांत घुसतात.

इथं ट्रॅकिंगबद्दल सांगायलाच हवं, कारण हा आमच्या भांडणांचा आवडता विषय आहे. आजचे बहुतेक नाटकांचे बोर्ड प्रत्येक क्यूत सगळ्या दिव्यांचे आकडे लिहीत नाहीत, फक्त बदल लिहितात. क्यू बारामध्ये खिडकीतलं चांदणं लावलं आणि नंतर त्याला कुणी हात लावला नाही, तर ते तेरात, चौदात, विसातही तसंच राहतं, पुढून कुणी 'जा' म्हणेपर्यंत. याचा फायदा मोठा. दिग्दर्शक म्हणाला, "चांदणं जरा जास्त निळं करा," की एकाच जागी बदल करायचा, पुढचं सगळं आपोआप निळं. तोटाही नेमका तोच. एका तालमीत असंच निळं केलं, सगळे खूश. रंगीत तालमीत तिसऱ्या अंकातली टळटळीत दुपार आली आणि खिडकीच्या चौकटीवर निळा ओघळ. चांदणं 'जा' असं कुणी सांगितलंच नव्हतं. आधीच्या मंद पांढऱ्या रंगात ते उन्हात लपून जात होतं, निळं झाल्यावर उघडं पडलं. प्रकाशयोजनाकार माझ्याकडे पाहत होता, मी त्याच्याकडे. आता प्रत्येक प्रवेशाच्या सुरुवातीला मी एक बांध घालते. त्या क्यूत सगळ्या दिव्यांचे आकडे ठोकून लिहिते, शून्य असले तरी. मग मागचं पाणी पुढे झिरपत नाही. तालमीत यात दहा मिनिटं जातात आणि कुणीतरी घड्याळाकडे बघतं. बघू देत.

मूव्हिंग हेडचाही असाच एक छळ आहे. पुढच्या प्रवेशासाठी तो दिवा विझलेला असताना गुपचूप मान वळवून तयार राहतो. मधला प्रवेश नटांनी झपाट्यानं संपवला की त्याची मान अजून अर्ध्यातच असते, आणि उजेडाचा झोत भिंतीवरून, फोटोवरून, नटाच्या तोंडावरून जाऊन मग खुर्चीवर स्थिरावतो.

बोर्डाला स्मृती नव्हती तेव्हा काय करत होते, हाही पोटप्रश्न असतो. तेव्हा फेडरच्या दोन रांगा असत. वरची चालू, खालच्या रांगेत पुढचं दृश्य हातानं लावून ठेवायचं, वेळ आली की मास्टरनं, म्हणजे अख्ख्या रांगेच्या फेडरनं, एकातून दुसऱ्यात जायचं, आणि लगेच वरच्या रांगेत त्यापुढचं लावायला घ्यायचं. ब्रॉडवेवर १९७५ साली 'अ कोरस लाइन' या संगीतिकेसाठी थॅरन मसर यांनी संगणकाची स्मृती असलेला बोर्ड वापरला. तिथला तो पहिलाच. मी शिकले ती मात्र बारा चॅनेलच्या, दोन रांगांच्या बोर्डावर. त्या दिवसांचे गोडवे मला गाता येत नाहीत. दोन दृश्यांत वीस सेकंद असले की बोटं थरथरायची आणि सात नंबरच्या जागी आठ नंबर वर जायचा. स्मृतीचा बोर्ड कधीही चांगला. फक्त हाताच्या फेडला जो आकार यायचा तो यंत्राच्या सरळ रेषेत नसतो. हात शेवटच्या दहा टक्क्यांत आपसूक हळू व्हायचा. आताच्या चांगल्या बोर्डावर धावता फेड फेडरनं पकडता येतो, रोखता येतो, रेटता येतो. तो बाप फार वेळ अंगठा फिरवायला लागला आणि मी चुकून आधीच निघाले असले, तर मी फेड अर्ध्यावर धरून ठेवते. खोलीत जेवढा उजेड उरलाय तेवढ्यावर त्याचा अंगठा चालू राहतो. हे बऱ्याचदा ठरवलेल्यापेक्षा चांगलं दिसतं, आणि मी ते कुणाला सांगत नाही.

बाकी कामं किरकोळ. प्रयोगाआधी प्रत्येक चॅनेल एकेक करून वर आणायचा, मेलेला दिवा शोधायचा. हॅलोजन थोड्या टक्क्यांवर ठेवून आधी कोमट करायचे, कारण गार तारेचा विद्युतरोध कमी असतो, एकदम पूर्ण दाब दिला की जास्त प्रवाह खेचला जातो आणि जुनी तार तिथंच तुटते. शोची फाइल दोन जागी साठवायची. स्क्रीनचा उजेड जेमतेम वाचता येईल इतका कमी करायचा, नाहीतर डोळा त्या उजेडाला सरावतो आणि रंगमंच आहे त्याहून काळोखा भासतो. डोळा अंधाराला नीट सरावायला वीस-तीस मिनिटं घेतो. प्रयोगात मधेच कुणी मोबाइल उघडून माझ्याशी कुजबुजायला आलं की मी का वसकते, ते आता कळलं असेल.

राहिला त्या मुलीचा प्रश्न. टाळ्या संपल्या की शेवटचा क्यू म्हणजे प्रेक्षागृहातले दिवे. तो दाबते. मग फाइल साठवते, ग्रँड मास्टर, म्हणजे सगळ्या दिव्यांचा मिळून एक फेडर, खाली आणते. जुन्या पद्धतीच्या डिस्चार्ज दिव्यांचे मूव्हिंग हेड मात्र लगेच बंद करता येत नाहीत, दिवा विझवून त्यांचे पंखे काही मिनिटं चालू ठेवावे लागतात. तेवढा वेळ मी त्यांची घरघर ऐकत केबल गुंडाळते. पंखे थांबले की जाते घरी.