चैत्रगौरीपुढे साकुरा

टोकियोत वसंत आधी दुकानात येतो, मग झाडावर. साकुरा, म्हणजे चेरीचा बहर, फुलतो मार्चच्या अखेरीस, पण फुलांचा मेकअप जानेवारी-फेब्रुवारीतच काउंटरवर लागतो. पावडरीवर उठवलेल्या पाकळ्या, लिपस्टिकवर कोरलेलं फूल, डबीच्या झाकणावर बहर. बराचसा माल त्या हंगामापुरताच, संपला की संपला. त्यामुळे माझ्यासारख्या बायका वापरायला नाही, जमवायलाच घेतात.

हे फुलांचं वेड तिथे जुनं आहे. शिसेदो ही मेकअपची कंपनी १८७२ साली टोकियोतल्या गिंझा भागात औषधांचं दुकान म्हणून सुरू झाली. त्यांच्या बोधचिन्हावर आजही कॅमेलियाची फुलं आहेत, ती १९१५ सालची. आणि ३ मार्चला हिनामात्सुरी, मुलींसाठीचा बाहुल्यांचा सण! लाल कापडाच्या पायऱ्या, सगळ्यात वर राजा-राणी, खाली दासी, वादक, इवलीशी भांडीकुंडी. मला ती थेट आपली गौरीची आरासच वाटते. सण झाल्यावर बाहुल्या लगेच आवरल्या नाहीत तर मुलीचं लग्न लांबतं म्हणे. म्हणजे तिथेही माझ्या मावशा आहेत तर.

यंदा एप्रिलमध्ये नाशिकला येताना निम्मा संग्रह बॅगेत घातला आणि पंचवटीतल्या मावशीच्या चैत्रगौरीपुढे मांडला. मला वाटलं, मावशी नाक मुरडेल. ती म्हणाली, "अगं, शृंगार तिचाच ना? मांड की."

मधली पायरी मला मिळाली. झाकणं अर्धवट उघडी ठेवली, म्हणजे आतल्या आरशांत समई दिसते. ही युक्ती कुठल्याही डबीला चालते, आपल्याकडच्या साध्या कॉम्पॅक्टलासुद्धा. मागे उंच लिपस्टिक, पुढे पसरट ब्लश, कडेने मोगरा. शेजारच्या पायरीवर कलिंगडाचं कोरलेलं कमळ होतं आणि खरं सांगायचं तर सगळ्यांच्या नजरा त्याच्यावरच. लिपस्टिकांना मात्र नाशिकचा एप्रिल सोसेना. उकाड्यात मेणातलं तेल सुटून त्यांना घाम फुटला, म्हणून त्यांची रवानगी फ्रिजमध्ये, पन्ह्याच्या पातेल्याशेजारी.

हळदीकुंकवाला आलेल्या बायका टोकियोतल्या बायकांसारख्या लांबून बघणाऱ्या नव्हेत. समोरच्या काकूंनी आंब्याची डाळ खाता खाता बोट पुसलं आणि सरळ एका डबीतल्या पावडरीवर उठवलेल्या गुलाबावर फिरवलं. फूल गेलं! खाली नुसती पांढुरकी पावडर. अशा काही डब्यांत रंग वरच्यावर फवारलेला असतो, दोन-चार वेळा ब्रश फिरवला की नक्षी संपली. हे मला ठाऊक होतं, तरी जीव चरकला. काकू निवांत म्हणाल्या, "इतके पैसे आणि आत काहीच नाही?"

त्यांचं खोटं नाही. साकुराचा फिका गुलाबी आमच्या घरातल्या एकीच्याही गालावर उठला नाही, सावळ्या रंगावर तो राख फासल्यासारखा दिसतो. मुघलांनी ज्या गावाला गुलशनाबाद म्हटलं, तिथल्या बायकांना फुलांचं कौतुक कमी नाही, पण रंग दिसला पाहिजे. मला विचाराल तर हा मेकअप आरशापेक्षा पायरीवरच शोभतो.

पुढच्या वर्षीसाठी यादी तयार आहे. मरून, लाल, जांभळा, आणि काकूंचा खास 'जास्वंदी'. फिकट गुलाबी कुणीच लिहिलेला नाही.