कॅरलच्या पोटात काय दडलंय

नाशकात थंडी पडली की शरणपूर रोडच्या बाजूला आमची कॅरलची, म्हणजे नाताळच्या गाण्यांची, प्रॅक्टिस सुरू होते, हार्मोनियम, ढोलकी, एक गिटार आणि मधे चहा-करंज्या. परवा ग्रुपमधल्या एका मुलीने व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं वाचून दाखवलं, म्हणाली ताई, ते नाताळच्या बारा दिवसांचं गाणं आहे ना, तितर आणि पारवे वालं, तो म्हणे इंग्लंडमधल्या कॅथलिक लोकांचा सीक्रेट कोड होता, दोन पारवे म्हणजे बायबलचा जुना आणि नवा करार, चार पक्षी म्हणजे येशूचं चरित्र सांगणारी चार शुभवर्तमानं, छळ व्हायचा म्हणून असं लपवून पोरांना शिकवायचे.

मीही हे संडेस्कूलमध्ये सांगितलेलं आहे, म्हणून नीट लिहितेय. याला पुरावा नाही. ते गाणं पहिल्यांदा छापलेलं सापडतं 1780 मध्ये, लंडनच्या एका लहान मुलांच्या पुस्तकात, पाठांतराचा खेळ म्हणून. आणि दोन करार, चार शुभवर्तमानं तर छळ करणारे प्रोटेस्टंट पण मानायचे, मग लपवायचं कोणापासून?

पण म्हणून कॅरलच्या पोटात काही नसतं असं नाही हं. नाथांच्या भारुडात विंचू चावतो तो काम-क्रोधाचा असतो, हे आपल्याला कुणी कोड फोडून सांगावं लागत नाही, गाणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला दोघांनाही ठाऊक असतं. कॅरलचं अगदी तसंच आहे.

हॉली आणि आयव्हीचं कॅरल घ्या. हॉली हे झाड आपल्याकडे बघायला मिळत नाही, तिचं फूल पांढरं, फळ रक्तासारखं लाल, पानांना काटे आणि साल पित्तासारखी कडू, आणि दर कडव्यात परत तेच की मरियेने येशूला जन्म दिला. मुलांना मी बोरीची काटेरी फांदी दाखवून विचारते काटे कुठे आठवतात, की लगेच येशूचा काट्यांचा मुगुट म्हणतात, मग रक्त, मग वधस्तंभाजवळ दिलेला पित्त मिसळलेला द्राक्षारस, म्हणजे पाळण्याच्या गाण्यात अख्खा गुड फ्रायडे आलाय!! बाळ येशूला भेटी आणणाऱ्या तीन राजांचं कॅरल, 1857 चं, त्यातही तेच, सोनं राजाला, ऊद देवाला, आणि गंधरस मरणाला, येशूला मानणाऱ्या निकदेमाने त्याच्या मृत देहाला लावायला आणला होता तोच.

माझं सगळ्यात लाडकं मात्र इम्मानुएलला, म्हणजे 'आम्हांबरोबर देव' अशा नावाने ख्रिस्ताला, हाक मारणारं. हे खूप जुन्या लॅटिन प्रार्थनांवरून आलंय, 17 ते 23 डिसेंबर रोज संध्याकाळी एक, आणि प्रत्येकीत ख्रिस्ताला वेगळ्या नावाने हाक, ज्ञान, प्रभू, इशायाचं मूळ, दाविदाची किल्ली, उगवती, राजा आणि शेवटी इम्मानुएल. आता या सात लॅटिन नावांची पहिली अक्षरं शेवटच्या दिवसापासून मागे वाचत गेलं की दोन शब्द तयार होतात, एरो क्रास (ERO CRAS), म्हणजे 'उद्या मी असेन'. सात दिवस आपण ये ये म्हणून हाका मारायच्या आणि 23 ला शेवटची हाक मारून झाली की त्या हाकांच्या आतूनच उत्तर येतं, की उद्या. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी कागदावर सात अक्षरं लिहून दोनदा तपासली होती आणि अंगावर काटा आला होता. ते मुद्दाम केलं असेल की जमून आलं, यावर जाणकार वाद घालतात, मला विचाराल तर मुद्दामच.

आणि उगवतीची हाक येते 21 तारखेला, जवळपास वर्षातल्या सगळ्यात मोठ्या रात्रीच्या तोंडावर. अंधार सर्वात लांब आणि त्या संध्याकाळी पहाटेला बोलवायचं.

यंदा आमची शेवटची प्रॅक्टिस 21 लाच आहे. ना. वा. टिळकांनी ख्रिस्त अभंगात आणला ती आपली वाट असताना मराठी शब्द इंग्रजी चालीत कोंबायचे नाहीत असं ठरलंय, त्यामुळे उगवतीचं कडवं ओवीच्या चालीत बसवतोय, ढोलकी बंद, नुसती पेटी. 'पहाट' वर सूर थोडा लांबवायचा की नाही एवढंच ठरायचं राहिलंय.