गुडघ्याच्या ऑपरेशननंतर गाडीवर टांग कधी टाकायची?

"सहा आठवडे झाले, टाके सुकलेत, जिना चढता येतो. आता बाईक काढू का?" हा प्रश्न इतक्या जणांकडून येतो की शब्दसुद्धा जवळपास हेच असतात. तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगतो, कारण "हो" किंवा "नाही" एवढ्यावर हे भागत नाही.

पहिली गोष्ट, आठवडे मोजून उत्तर मिळत नाही. ऑपरेशननंतर ब्रेक दाबायला किती वेळ लागतो, यावर जे अभ्यास झालेत ते बहुतेक कारच्या पेडलवर झालेत. उजव्या गुडघ्याचा सांधा बदलल्यावर तो वेळ बऱ्याच जणांचा ४ ते ६ आठवड्यांत पूर्ववत होतो, आणि डॉक्टर "ड्रायव्हिंग चालेल" म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात अनेकदा तेच असतं. पण कार थांबली की ती स्वतःच्या चार चाकांवर उभी राहते. बाईक तुमच्या पायावर उभी राहते. सरळ रस्त्यावर बाईक पळते तेव्हा गुडघा खरं तर आराम करत असतो. वजन सीटवर, पाय फूटरेस्टवर. त्याची परीक्षा असते ती चढताना, उतरताना, थांबताना, बसल्या बसल्या गाडी मागे ढकलताना, आणि सगळ्यात जास्त, ध्यानीमनी नसताना पाय खाली टाकावा लागतो तेव्हा. म्हणून डॉक्टरांना "बाईक चालवू का" असं न विचारता "या पायावर अचानक पूर्ण वजन आणि थोडा पीळ आला तर चालेल का" असं विचारा. उत्तर बहुधा वेगळं येईल.

कोणतं ऑपरेशन झालंय यावर अर्थातच बरंच अवलंबून आहे. दुर्बिणीतून गादीचा (मेनिस्कसचा) फाटका तुकडा नुसता काढला असेल तर सूज उतरली की, म्हणजे २ ते ४ आठवड्यांत, अनेक जण तयार होतात. तीच गादी शिवली असेल तर गोष्ट निराळी. टाक्यांवर ताण नको म्हणून ४ ते ६ आठवडे वजन आणि ९० अंशांपुढचं वाकवणं यावर बंधनं असतात, त्यामुळे त्याआधी विचारसुद्धा नको. सांधा बदललेल्यांसाठी ६ ते १२ आठवडे हा साधारण अंदाज. लिगामेंट नव्याने बसवलेल्यांची (एसीएल) गंमत अशी की सहाव्या आठवड्याला पाय छान वाटू लागतो, आणि साधारण ६ ते १२ आठवड्यांच्या काळातच आतला नवा पट्टा सगळ्यात कमजोर असतो. कलम केलेली ऊती तेव्हा मरून पुन्हा नव्याने रुजत असते. बरं वाटणं आणि बरं होणं यांतलं अंतर इथे सगळ्यात मोठं आहे. शांत रस्त्यावर जपून चालवायला ३ महिने धरा. कच्च्या रस्त्यावरचं, चिखलातलं, पाय टेकत टेकत चालवणं मात्र ९ महिन्यांच्या आत नको, कारण ते पीळ बसणाऱ्या खेळासारखंच आहे.

आता पाय कुठला? कारवाल्यांना उजवा पाय अवघड जातो. बाईकवर बऱ्याचदा डावा जास्त छळतो, आणि हे लोकांना पटत नाही.

साइड स्टँड डावीकडे, म्हणून चढणं-उतरणंही डावीकडून. उजवा पाय सीटवरून फिरवताना सगळं अंग डाव्या पायावर असतं, आणि नेमक्या त्याच क्षणी कंबर वळते. पाऊल जमिनीला चिकटलेलं, मांडी फिरतेय, मध्ये गुडघा पिळला जातोय. लिगामेंटला आणि गादीला न मानवणारी हीच ती हालचाल. साइड स्टँड मागे घेतानाही टाच मागे ओढावी लागते, आणि ते काम मांडीच्या मागच्या स्नायूचं. डाव्या पायाच्या हॅमस्ट्रिंगमधून पट्टा काढून लिगामेंट बसवलं असेल तर एवढ्याशा झटक्यानेही मांडीच्या मागे कळ जाऊ शकते. त्यावर उपाय असा की गाडीवर बसून, गाडी सरळ करून, पुढचा ब्रेक धरून उजव्या पायावर भार द्यायचा आणि स्टँड सावकाश सरकवायचा. लाथ मारायची नाही.

थांबतानाही डाव्या गुडघ्याचीच पंचाईत. डावा जपायचा म्हणजे उजवा पाय टेकायचा. उजवा टेकला की मागचा ब्रेक सुटला. मग गाडी धरायची पुढच्या ब्रेकने, आणि तो त्याच हातात आहे ज्या हाताने ॲक्सिलरेटर द्यायचा. सपाटीवर जमतं. चढावर सिग्नल लागला तर एकाच मुठीने ब्रेक सोडत सोडत ॲक्सिलरेटर द्यायची कसरत करावी लागते. म्हणून डावा गुडघा असेल तर सुरुवातीचे काही आठवडे चढाचे रस्ते टाळा, आणि गाडी पूर्ण थांबायच्या आत पहिल्या गिअरवर या, म्हणजे नंतर गिअरशी खेळत बसावं लागणार नाही.

उजव्या गुडघ्याचं दुखणं निराळं. थांबताना डावा पाय टेकायचा, उजवा ब्रेकवर ठेवायचा. हीच मुळात शिकवली जाणारी पद्धत, त्यामुळे तिथे अडचण कमी. अडचण टांग टाकताना येते. पाय पुरेसा वर आणि पुरेसा वाकवून न्यावा लागतो, आणि टाच मागच्या ग्रॅब रेलला किंवा डिकीला अडकली की संपलंच. टांग मागून फिरवण्याऐवजी गुडघा वाकवून सीटच्या पुढच्या, खोलगट भागावरून पाय पलीकडे सरकवा. हाताने पँट धरून पाय उचलला तरी कुणी हसत नाही. किकची गाडी असेल तर किक शेवटपर्यंत विसरा. किक उलटली तर पाय झटक्यात वर फेकला जातो, आणि किक पोकळ गेली तर गुडघा सरळ होऊन मागे तुटल्यासारखा ताणला जातो. मेन स्टँडवर गाडी चढवणं हेही उजव्या पायावर पूर्ण अंगाचं वजन टाकायचं काम आहे, तेही काही दिवस दुसऱ्या कुणालातरी करू द्या.

गुडघा किती वाकायला हवा, हे प्रत्येक गाडीचं वेगळं. क्रूझरवर पाय पुढे असतात, साधारण ८० ते ९० अंशांत भागतं. साध्या, सरळ बसायच्या गाडीवर ९० ते १००. स्पोर्ट्स बाईकवर फूटरेस्ट मागे आणि उंच असल्यामुळे ११० च्या पुढे सहज जातं, आणि सांधा बदललेल्या बऱ्याच गुडघ्यांची शेवटची मर्यादाच ११० ते १२० असते. तुमचा आकडा काढायला गाडी मेन स्टँडवर घ्या, वर बसा, पाय फूटरेस्टवर ठेवा आणि कुणाला तरी अगदी बाजूने फोटो काढायला सांगा. फोटोवर मांडीच्या बाजूच्या हाडापासून गुडघ्यापर्यंत आणि गुडघ्यापासून बाहेरच्या घोट्यापर्यंत रेषा ओढा. मधला कोन १८० मधून वजा केला की तुमचं वाकणं. पाठीवर झोपून टाच ओढत नेल्यावर गुडघा यापेक्षा निदान १० ते १५ अंश जास्त वाकला पाहिजे. मर्यादेच्या टोकावर वाकवलेला गुडघा पाच मिनिटं चालतो. विसाव्या मिनिटाला तो पाय फूटरेस्टवरून उचलायला गेलात तर उचलत नाही.

कोन कमी पडत असेल तर दोन उपाय: सीट उंच करणं किंवा फूटरेस्ट खाली घेणं. सीट उंच केली की गुडघा मोकळा होतो पण जमीन लांब जाते, आणि आत्ता तुम्हाला जमीनच जवळ हवी आहे. म्हणून फूटरेस्ट. ते २५ मिलिमीटर खाली आले तर गुडघ्याला साधारण ३ ते ५ अंशांची सूट मिळते. बदल्यात वळणावर फूटरेस्ट लवकर घासतो, हे लक्षात ठेवून गाडी कमी झुकवायची.

पण फूटरेस्ट खाली घेऊन ब्रेकचं पेडल आणि गिअरचा खटका जुन्याच उंचीवर ठेवला तर घोटा सतत वर उचललेला राहतो आणि त्याचा ताण थेट गुडघ्यावर येतो. दोन्ही खाली आणा. गिअरच्या सांधकाडीला (खटका गिअरबॉक्सला जोडणाऱ्या काडीला) दोन्ही टोकांना लॉकनट असतात आणि त्यांतल्या एकाचे आटे बहुधा उलटे असतात. पाना नेहमीच्या दिशेने जोर लावून फिरवाल तर तो सुटण्याऐवजी आवळला जाईल. दोन्ही ढिले केले की मधली काडी फिरवून खटका वर-खाली होतो. ब्रेकचं पेडल खाली घेतलं की तीन गोष्टी तपासा. पेडलला थोडी मोकळी चाल उरली आहे ना, मागचं चाक हाताने मोकळं फिरतंय ना, आणि ब्रेक लाइट वेळेवर लागतोय ना. मोकळी चाल नसेल तर ब्रेक नकळत घासत राहतो, तापतो आणि कधी कधी चाक जाम होतं. लाइटचा स्विच वेगळा जुळवावा लागतो, तो बहुतेक जण विसरतात. मग मागच्याला कळतच नाही की तुम्ही थांबताय.

"दुखत नाही, मग काय हरकत?" असंही विचारतात. दुखणं हा फसवा निकष आहे. सांध्यात थोडंसं पाणी साचलं तरी मज्जासंस्था मांडीच्या पुढच्या स्नायूला जाणारे संदेश कमी करते, न दुखताही. गुडघा "सटकला" किंवा "पायातला जोर गेला" असं लोक सांगतात ते बऱ्याचदा हेच. म्हणून सूज बघा. वाटीच्या वर आणि दोन्ही बाजूंना दुसऱ्या पायासारखेच खळगे दिसतायत का? झोपून, गुडघा पूर्ण सरळ ठेवून पाय उचलताना गुडघा आधी आणि टाच मागून असं होतंय का? होत असेल तर स्नायू अजून कामावर आलेला नाही.

रस्त्यावर जाण्याआधी इंजिन बंद ठेवून सराव करा. ऑपरेशनच्या पायावर ३० सेकंद तोल. खुर्चीवरून त्या पायावर जास्त भार देऊन दहा वेळा उठणं. गाडीवर बसून उजव्या पायाने ब्रेक दहा वेळा जोरात दाबणं, डाव्याने गिअर वीस वेळा वर-खाली. मग शेजारी कुणाला उभं करून गाडी दोन्ही बाजूंना हाताच्या अंतराइतकी कलवा आणि सावरा. गाडी सरळ असताना तिचं वजन जाणवतच नाही, थोडी कलली की एकदम अंगावर येते. शेवटी २० मिनिटं नुसते बसून राहा, रात्री सूज बघा, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा बघा. सकाळची सूज जास्त खरं बोलते.

एक ठरवून ठेवा: गाडी पडायला लागली तर पडू द्या. पाय मध्ये घालून वाचवायला जाल तर गाडीच्या दुरुस्तीपेक्षा गुडघ्याची दुरुस्ती लांबते. चालत्या गाडीवर पाय खाली टाकायचा नाही, हेही त्यातलंच. बूट रस्त्याला अडकतो आणि गाडी पुढे जाते.

गोळ्यांचं थोडक्यात. ट्रामाडॉल किंवा प्रीगाबालिन ही गुंगी आणणारी वेदनेची औषधं चालू असतील तर गाडी बंद, कितीही बरं वाटत असलं तरी. सांधा बदलल्यावर रक्त पातळ करणारं औषध असेल तोवर साधी पडझडही महाग पडते. आणि पोटरी एकदम दुखू लागली, सुजली, गरम लागली तर ते बसून बसून आखडलंय असं समजू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा; रक्ताच्या गुठळीचा धोका पहिले ३ महिने जास्त असतो. म्हणून त्या काळात लांब जायची वेळ आली तर दर ४५ मिनिटांनी उतरून पाय मोकळा करायचा.

आणखी एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. हॅमस्ट्रिंगचा पट्टा घेताना नडगीच्या आतल्या बाजूला जो छेद घेतात, त्याच्या आसपासची कातडी अनेकांची बधिर होते, आणि इंजिन नेमकं तिथेच असतं. गरम इंजिनाला पाय लागला तरी जाणवत नाही; घरी गेल्यावर भाजलेलं दिसतं. जाड पँट आणि गुडघ्याखाली उतरणारं पॅड घाला. बिजागरीचा ब्रेस दिला असेल तर त्यावरून पॅड नीट बसत नाही आणि त्याची बिजागरी टाकीला घासते, तेव्हा घरी बसून आधी जुळवून बघा. गुडघा सरळ लॉक केलेला ब्रेस अजून चालू असेल तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच मिळालं.

पहिल्या फेऱ्या १० ते १५ मिनिटांच्या, कोरड्या रस्त्यावर, गर्दी नसलेल्या वेळी, कुठे उतरायचं आणि कुठे लावायचं ते आधीच ठरवून. थांबताना जो पाय टेकणार त्या बाजूची जमीन उंच असेल अशी जागा निवडा. गाडी लावताना तोंड बाहेर जाण्याच्या दिशेला, नाहीतर निघताना ती मागे ढकलायला गुडघाच लागणार.

मागे कुणाला बसवायचं ते सगळ्यात शेवटी. मागचा माणूस चढताना गाडीला जो हिसका बसतो, तो तुमच्या टेकलेल्या पायावरच येतो. बसवायची वेळ येईल तेव्हा तुम्ही आधी बसा, दोन्ही पाय टेका, पुढचा ब्रेक धरा, आणि "आता बस" म्हटल्याशिवाय त्याने चढायचं नाही.