१४ एप्रिल

२०१८ चं भिंतीवरचं कॅलेंडर मी अजून जपून ठेवलंय. त्यात दुधाचे खाडे आहेत, सिलेंडर लावल्याची तारीख आहे आणि ३ मार्चवर पेन्सिलीने केलेली एक बारीक फुली आहे. पाळीची. माझी पाळी कधीच वेळेवर नसायची, त्यामुळे एप्रिल निम्मा सरला तरी मनात काही आलं नाही. २१ तारखेला सहज म्हणून घरी टेस्ट केली, तर पट्टीवर दोन रेघा.

तेव्हा मी रोज १००० मिलिग्रॅम सोडियम व्हॅल्प्रोएट, म्हणजे फिट थांबवणारी गोळी, घेत होते. अकरा वर्षं झाली होती.

अकरावीत असताना सकाळी लवकर उठलं की खांद्यातून झटका यायचा आणि हातातला कप उडायचा. आई म्हणायची, धांदरट आहेस. मग एका पहाटे अंगणात पूर्ण फिट आली. शेजारच्या काकींनी नाकाला कांदा लावला, कुणीतरी चप्पल आणली. पुढे ईईजी, म्हणजे मेंदूच्या लहरींचा आलेख, झाला आणि निदान आलं: ज्युव्हेनाइल मायोक्लोनिक एपिलेप्सी, म्हणजे किशोरवयात सुरू होणारी, अंगाला झटके देणारी फिट. या प्रकारावर व्हॅल्प्रोएट फार चांगलं चालतं, आणि मला ते चाललंच. दोन महिन्यांत झटके थांबले. त्या गोळीमुळे माझं डी.एड. झालं, जिल्हा परिषदेची नोकरी लागली, डोंगराच्या वाटेने स्कूटीवर शाळेत जाता आलं. तिला मी शत्रू मानत नाही.

पण अकरा वर्षांत एकाही तपासणीत ‘मूल’ हा शब्द कुणी काढला नाही. झोप पुरी घे, गोळी चुकवू नकोस, पाण्यात एकटी उतरू नकोस, एवढंच. लग्न ठरताना आईने तर फाइलच कपाटात टाकली. हिंदू विवाह कायद्यातून एपिलेप्सीचा उल्लेख १९९९ मध्येच निघालाय, हे तिला ठाऊक नव्हतं. मुलीला नावं ठेवतील एवढंच तिला ठाऊक होतं. मी नवऱ्याला आधीच सगळं सांगितलं होतं. मात्र गोळीचा आणि बाळाचा काही संबंध असतो, हे मलाच माहीत नव्हतं तर त्याला काय सांगणार?

टेस्टच्या दिवशी संध्याकाळी मोबाइलवर वाचत बसले आणि हातपाय गार पडले. सासूबाई म्हणाल्या, “अगं, मग आजपासून ती गोळी बंदच कर.” मलाही तेच वाटलं. रात्रीची गोळी घेतली नाही, झोपही लागली नाही. पहाटे दूध उतरवताना हात उडाला आणि पातेलं ओट्यावर आडवं झालं. नवऱ्याने डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, “आधी तिला गोळी द्या. मग माझ्याशी बोला.”

पुण्याला गेल्यावर त्यांनी रागावून नाही, समजावून सांगितलं. गोळी एकदम तोडली तर फिटवर फिट येऊ शकते, त्यात आईचा जीवही जाऊ शकतो. पोटावर पडणं आणि लांबलेल्या फिटमध्ये बाळाला प्राणवायू कमी पडणं हे वेगळंच. मग त्यांनी टेबलावरचं कॅलेंडर ओढलं. ३ मार्चला पाळी, म्हणजे १७ च्या आसपास गर्भ राहिला असं धरू. तिथून अठ्ठावीस दिवस मोजले आणि त्यांचं पेन १४ एप्रिलवर थांबलं.

अगदी सुरुवातीला बाळाची पाठ आणि मेंदू म्हणजे एक चपटी पट्टी असते. तिच्या दोन्ही कडा उचलल्या जातात, करंजी मिटताना जुळवतो तशा जुळतात आणि मानेच्या भागापासून वर-खाली चेन लावावी तशी नळी बंद होत जाते. डोक्याकडचं टोक आधी मिटतं, कमरेकडचं शेवटी, साधारण अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत. ते उघडं राहिलं तर मणक्यांत फट राहते, तिला स्पायना बिफिडा म्हणतात. व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या आयांच्या बाळांत तो शंभरात एक-दोघांना होतो. इतरांच्या तुलनेत हे फार मोठं प्रमाण आहे.

१४ एप्रिलला आमच्या शाळेत जयंतीचा कार्यक्रम होता. मी पहाटे उठून हार आणला, चौथीच्या मुलांची भाषणं बसवली होती ती ऐकली, घरी येऊन जेवले आणि रात्री गोळी घेतली. त्याच दिवसांत माझ्या पोटात ती नळी मिटत होती. किंवा मिटत नव्हती. माझ्या हातात काही करण्याची वेळ होती ती मला दिवस गेल्याचं कळण्याआधीच सरली होती.

डॉक्टरांनी डोस कमी करून दोन वेळांत विभागला. पाठीचं जे व्हायचं ते झालं असलं तरी मेंदूची वाढ नऊ महिने चालते, म्हणून जितकं कमी देता येईल तितकं बरं. फॉलिक अ‍ॅसिड ५ मिलिग्रॅम सुरू केलं. खरं तर ते गर्भ राहण्याआधीपासून घ्यायचं असतं, आणि घेतलं तरी व्हॅल्प्रोएटचा सगळा धोका त्याने पुसला जात नाही.

पुढचे तीन महिने मी कसे काढले ते इथे लिहीत नाही.

एकोणिसाव्या आठवड्यात सोनोग्राफी झाली. ‘येथे गर्भलिंग निदान केले जात नाही’ या पाटीखाली मी पडून होते आणि मॅडम एकेक मणका बघत होत्या. मान, छाती, कंबर. मग ओठ, टाळू, हृदयाचे चार कप्पे. “पाठ पूर्ण मिटलेली आहे,” त्या म्हणाल्या. मी इतकी रडले की त्यांना प्रोब बाजूला ठेवावा लागला.

लेक डिसेंबरमध्ये झाली. आता सात वर्षांची आहे. ती बोलायला उशिरा लागली, अडीच वर्षांपर्यंत दोन शब्द जोडत नव्हती. वर्षभर स्पीच थेरपी केली. आज ती घडाघडा वाचते, पण गणितात पटकन थकते. हे गोळीमुळे की असंच, ते एका मुलाकडे बघून कुणीच सांगू शकत नाही. अमेरिका आणि ब्रिटनमध्ये शेकडो मुलांना सहा वर्षांचं होईपर्यंत तपासलं, त्याचा अहवाल २०१३ मध्ये आला: व्हॅल्प्रोएटच्या गटाचा सरासरी बुद्ध्यांक ९७, लॅमोट्रिजिन या फिटवरच्या दुसऱ्या गोळीचा १०८. ते आकडे गटाचे आहेत, माझ्या लेकीचे नाहीत, असं मी स्वतःला बजावते. तरी तिचा पाढा अडला की मला १४ एप्रिल आठवतो.

मला राग येतो तो तारखांचा. हे औषध फ्रान्समध्ये १९६७ मध्ये बाजारात आलं. तिथल्याच लिऑनच्या परिसरातल्या जन्मदोषांच्या नोंदींवरून स्पायना बिफिडाशी असलेला संबंध १९८२ मध्ये समोर आला. आपल्याकडे तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत एपिलेप्सी आणि गरोदरपणाची नोंदवही १९९८ पासून आहे. माझ्या हातात पहिली चिठ्ठी पडली २००७ मध्ये. म्हणजे माहिती होती. ती माझ्यापर्यंत आली नाही.

दुसऱ्या वेळी आम्ही वर्षभर आधी डॉक्टरांकडे गेलो. लेव्हेटिरासिटाम नावाची फिटवरची दुसरी गोळी सुरू करून व्हॅल्प्रोएट हळूहळू, सहा महिन्यांत काढलं. युरोपच्या मोठ्या नोंदवहीत व्हॅल्प्रोएट घेणाऱ्यांत मोठे जन्मदोष शंभरात दहा आहेत, लेव्हेटिरासिटाम घेणाऱ्यांत तीनच्या आत, म्हणजे औषध न घेणाऱ्या आयांइतकेच जवळपास. बदल सोपा नव्हता. एक फिट आली, स्कूटी बंद झाली, मी सहा महिने एसटीने गेले आणि नव्या गोळीने इतकी चिडचिड व्हायची की मुलं वर्गात दबून बसायची. गरोदरपणात हे औषध शरीरातून लवकर बाहेर पडतं, म्हणून डोस दोनदा वाढवला, बाळंतपणानंतर पुन्हा उतरवला. जागरणाने मला फिट येते, म्हणून रात्रीचं एक दूध नवरा पाजायचा. मुलगा आता तीन वर्षांचा आहे.

गेल्या महिन्यात माझी एक जुनी विद्यार्थिनी बाजारात भेटली. अकरावीला आहे. फिट येते म्हणून गोळी सुरू झालीय. पाकिटावरचं नाव वाचलं आणि संध्याकाळी तिच्या घरी गेले. तिची आई म्हणाली, “बाई, लग्नाला अजून लई येळ हाय.” मी म्हटलं, गोळी अजिबात बंद करायची नाही, पण पुढच्या खेपेला डॉक्टरांना एवढं विचारा: हिच्या वयाच्या मुलीला दुसरी कुठली गोळी चालेल का, आणि नसेल तर लग्नाआधी किती महिने तुमच्याकडे यायचं? त्यांनी ते तिच्याच वहीच्या पानावर लिहून घेतलं आणि फाइलमध्ये पहिल्या पानाला टाचणी लावली. पुढची तारीख दिवाळीनंतरची आहे. मी रजा टाकलीय, त्यांच्याबरोबर जाणार आहे.