मुलाखतीत ‘मिस्टर काय करतात?’ येतं कुठून

1974 मध्ये टेल्को या टाटांच्या मोटार कंपनीच्या नोकरीच्या जाहिरातीतच छापलं होतं की महिलांनी अर्ज करू नये. सुधा मूर्तींनी जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहून जाब विचारला आणि पुण्यात नोकरी मिळवली. आज हिंजवडीत किंवा चाकणला असं कुणी छापत नाही. तेच आता गप्पांच्या ओघात येतं: ‘मिस्टर काय करतात? मुलं लहान आहेत का?’ विचारणारा आपुलकीनेच विचारतो. पण तेवढा वेळ तिच्या कामाबद्दलच्या बोलण्यातून जातो, आणि पॅनेलवरचा एखादा ‘ही टिकणार नाही’ असं मनाशी ठरवून टाकतो.

यावर भाषणं देऊन भागत नाही, मुलाखतीची पद्धतच बदलावी लागते. पाच-सहा प्रश्न आदल्या दिवशी लिहून काढा आणि सगळ्यांना त्याच क्रमाने विचारा. रात्रपाळीबद्दल खुशाल विचारा, पण पुरुषांनाही त्याच शब्दांत. प्रत्येक उत्तराला 1 ते 5 गुण लगेच द्या. 5 कशाला आणि 2 कशाला, हे आधीच लिहिलेलं हवं. सगळ्यांचे गुण कागदावर उतरेपर्यंत चर्चा नाही. बहुतेक ठिकाणी गाडी इथेच घसरते. उमेदवार दाराबाहेर गेली की साहेब म्हणतात, ‘हुशार आहे, पण जरा बुजरी वाटली,’ आणि बाकीच्यांची पेनं 4 वरून 3 वर येतात. म्हणून चर्चेतही सर्वांत ज्युनिअर माणसाने आधी बोलावं.

बाळंतपणाच्या रजेची भीती मात्र खरी आहे. मातृत्व लाभ कायद्यातल्या 2017 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवडे पगारी रजा मिळते. बहुतेक ऑफिसांत तो पगार कंपनीच देते, त्यामुळे छोट्या कंपन्या बाई घ्यायलाच कचरतात. हा भार एकट्या मालकावर टाकणं मला चुकीचंच वाटतं, पण त्याची किंमत उमेदवार मुलीने का मोजावी? 50 किंवा अधिक कर्मचारी असतील तर पाळणाघरही बंधनकारक आहे. ते बाबांनाही खुलं ठेवा, म्हणजे मूल ही फक्त बाईची अडचण धरली जाणार नाही.

अप्रेझलमध्ये, म्हणजे वर्षाच्या कामाच्या मूल्यमापनात, एखादीबद्दल ‘तापट’, ‘भावनिक’ असं लिहिलं तर पुढे तारखेसह प्रसंग मागा. प्रसंग सांगता आला नाही तर शब्द खोडा.

मीटिंगचे मिनिट्स आणि वाढदिवसाचा केक यांची पाळी अकारविल्हे यादीने लावा. ‘कुणी करेल का?’ असं विचारलं की सगळे टीममधल्या एकुलत्या एका मुलीकडेच बघतात.