१८ सेंटिमीटरचा एक सेकंद

उन्हाळ्यात मूक प्रयोगपटांचा जो उद्योग सुरू केला, त्याची ही पुढची नोंद. नव्यानं वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: वाचनालयाच्या माडीवर दर शनिवारी आठ ते चौदा वयाची मुलं जमतात, मी लॅपटॉप आणि उसना प्रोजेक्टर लावते, एखादी छोटी मूक फिल्म बघतो आणि मग तिच्यातलंच काहीतरी हातानं करून पाहतो.

निवडीचा निकष आता पक्का झालाय. फिल्म किती थोर, हे नंतर. ती पाहून मुलाला घरी स्वतः काही करता येईल का, हे आधी. या चाळणीतून हान्स रिख्टरची ‘ऱ्हिदमुस २१’ जेमतेम पार पडली. चौकोन लहानमोठे होताना पाहिले, कागदाचे चौकोन कापले, संपलं. माझी ती फार आवडती, पण इथे माझ्या आवडीला मत नाही.

योरिस इव्हेन्सची ‘रेगेन’ (१९२९) मात्र अपेक्षेपेक्षा पुष्कळ पुढे गेली. अ‍ॅमस्टरडॅममधला पाऊस, जेमतेम बारा मिनिटं, गोष्ट नाही, नायक नाही. हिला नंतर संगीत मिळालं. हान्स आइस्लरनं १९४१ मध्ये खास हिच्यासाठी रचना केली. मी एका गटाला संगीतासह दाखवली, दुसऱ्याला पूर्ण मूक. संगीतवाली मुलं शहाण्यासारखी हाताची घडी घालून बसली. मूक पाहणाऱ्यांनी खोली डोक्यावर घेतली. “तो बघ, हात बाहेर काढून बघतोय!” “आता छत्र्या येणार!” मी आधी दटावणार होते, मग गप्प बसले. पडदा गप्प असला की मुलं बोलतात, आणि बोलायचं म्हणून नीट बघतात. संवाद बुडायची भीती नसते. तेव्हापासून नियम एकच: पहिल्यांदा मूक, बडबड चालू, संगीत हवं तर दुसऱ्या फेरीला. इतिहासाच्या दृष्टीनं हे सोवळं नाही, मला ठाऊक आहे. १९२९ च्या मूकपटांना थिएटरात वाजवणारे असत, सोव्हिएत दिग्दर्शक झिगा व्हेर्तोव्हनं तर आपल्या फिल्मसाठी वादकांना सूचनाही लिहून ठेवल्या होत्या. पण आम्ही इथे थिएटर चालवत नाही.

‘रेगेन’मध्ये एकच सर येऊन गेल्यासारखी वाटते, प्रत्यक्षात ती वेगवेगळ्या दिवसांच्या पावसाचे तुकडे जोडून बनली आहे. हे सांगितल्यावर मुलांनी आपापल्या गल्लीतल्या पावसाचे तुकडे मोबाइलवर आणले आणि त्यातून एक सर जोडली. कोरडा रस्ता ओल्याच्या नंतर आला की ते लगेच आपसात भांडतात. संकलन शिकवायला मला वेगळं काही बोलावं लागलं नाही.

आता मुख्य गोष्ट. स्टॅन ब्रॅकेजची ‘मॉथलाइट’ (१९६३): चारेक मिनिटं, आवाज नाही, आणि कॅमेराही नाही. दिव्यापाशी मरून पडलेल्या पतंगांचे पंख, पानं, गवत, हे सगळं त्यानं १६ मिलिमीटर रुंदीच्या दोन पारदर्शक चिकटपट्ट्यांमध्ये दाबलं आणि त्याची प्रत काढून प्रोजेक्टरवर चालवली. इथली शांतता व्हेर्तोव्हसारखी काळाची अडचण नव्हे. आवाज पाहण्यात लुडबुड करतो असं ब्रॅकेजचं मत होतं, म्हणून ती मुद्दाम ठेवलेली.

पहिल्या पावसानंतर वाळवीला पंख फुटतात आणि सकाळी ट्यूबलाइटखाली त्यांचा सडा पडतो. घराघरांतून तो केरात जायचा. यंदा मुलांनी डब्या भरून आणला. १६ मिलिमीटरची कोरी फिल्म मिळवण्याच्या भानगडीत मी पडले नाही. हिशेब तेवढा खऱ्या फिल्मचा ठेवला: त्या फितीवर एका चौकटीला (फ्रेमला) साधारण साडेसात मिलिमीटर लांबी लागते आणि सेकंदाला २४ चौकटी धावतात. म्हणजे एक सेकंद साधारण १८ सेंटिमीटरचा. प्रत्येकाला १८ सेंटिमीटर सेलोटेप, त्यावर पट्टीनं आखलेल्या २४ खुणा, पंख ठेवायचे, वरून दुसरी टेप. मग पांढऱ्याधोप उजळलेल्या टॅबवर पट्टी ठेवून, स्टँडवरच्या मोबाइलनं एकेक चौकट सरकवत फोटो.

इथे एक गंमत कळली, जी नुसती फिल्म पाहून मला इतक्या वर्षांत कळली नव्हती. दोन सेंटिमीटरचा पंख एका चौकटीत मावतच नाही. तो अडीच-तीन चौकटींवर पसरतो. त्यामुळे पडद्यावर पंख दिसत नाही, पंखाचे कापलेले भाग सेकंदाच्या आठव्या हिश्श्यात फडफडून जातात. मेलेला पंख उडताना दिसतो तो यामुळे. सातवीतल्या एका मुलीनं विचारलं, “काकू, पंख आडवा लावला तर?” लावून पाहिला. फडफड गेली, ठिपका आला. भागाकार आणि अपूर्णांक यांत इतके बेमालूम शिरतात की एका शिक्षकांनी “यात अभ्यासक्रमातलं काय?” असं विचारलं, तेव्हा मी पट्टीच त्यांच्या हातात दिली.

टीप: टेपमध्ये बुडबुडे राहिले तर काढत बसू नका, पडद्यावर छान दिसतात. पंख मात्र पूर्ण वाळलेले हवेत, नाहीतर दोन दिवसांत बुरशी धरते.

माया डेरेनच्या ‘अ स्टडी इन कोरिओग्राफी फॉर कॅमेरा’वर (१९४५) फार लिहीत नाही, कारण प्रयोग सोपा आहे. नर्तक टॅली बीटी रानात पाय उचलतो आणि तो घरातल्या खोलीत टेकतो. आमच्याकडे पाय गच्चीवर उचलले गेले आणि स्वयंपाकघरात, गोठ्यात, एकदा तर बसस्टॉपवर टेकले. उचलण्याचा वेग आणि टेकण्याचा वेग जुळला की जागा बदलल्याचं खटकत नाही, एवढंच त्यातलं मर्म.

शेवटचं दादासाहेब फाळक्यांचं. १९१२ मध्ये कुंडीत वाटाणा पेरून, समोर कॅमेरा लावून, महिन्याहून अधिक काळ टिपलेली ‘अंकुराची वाढ’. फीत मिनिटाभराचीच, पण ती पाहूनच काहींनी त्यांना पुढच्या चित्रपटासाठी कर्ज देऊ केलं. ती दाखवता येत नाही, म्हणून गणित मांडलं: सेकंदाला १६ चौकटी धरल्या तर मिनिटाला ९६०, महिनाभरात दिवसाला ३२. इतका धीर आमच्यात नाही, सबब मूग. दर दहा मिनिटांनी एक फोटो, तीन दिवसांचे ४३२, म्हणजे २७ सेकंद. खिडकी बंद ठेवून एकच दिवा सतत चालू ठेवा आणि मोबाइलचं एक्सपोजर लॉक करा. नाहीतर मूग कमी आणि उजेडाची उघडझाप जास्त दिसते.

श्रावणात फाळक्यांच्याच ‘आगकाड्यांची मौज’वरून काड्या हलवायच्या आहेत. सेकंदाला बारा फोटो पुरतील असा अंदाज. काड्या गूल काढलेल्या वापरणार, कारण माडीवर सगळी जुनी मासिकं आहेत आणि ग्रंथपालांनी तशी अट घातली आहे.