आषाढात घासलेलं घर

नवं लॅच घरात आलं की सगळे आधी किल्ल्या मोजतात. खोक्यातला खुणांचा कागद मात्र तसाच रद्दीत जातो, आणि कामाचा तोच असतो. कडेवर दुमडून तो दाराला चिकटवला की सिलिंडरचा, म्हणजे बाहेरून किल्ली जाते त्या नळकांड्याचा, मध्य सापडतो. हे अंतर बहुधा कडेपासून ६० मिलिमीटर असतं, भोक ३२चं. जुनं भोक दोन-चार मिलिमीटर सरकलेलं असेल तर होल सॉला, म्हणजे ड्रिलला लावायच्या गोल करवतीला, मध्ये धरायला लाकूडच मिळत नाही. तो नाचतो, सनमायका ओरबाडतो. जुन्या भोकात फेव्हिकॉल लावून लाकडाचा गट्टू ठोकावा आणि रात्रभर तसाच सोडावा. नवं भोक पाडताना मधलं टोक पलीकडे डोकावलं की थांबायचं, उरलेलं आतल्या बाजूने. एका दमात आरपार गेलात तर टवका उडालाच म्हणून समजा.

सिलिंडरमागची चपटी पट्टी मुद्दाम लांब दिलेली असते, कारण कुणाचं दार ३० मिलिमीटर जाड, कुणाचं ३८. तिच्यावर खाचा असतात. पकडीत धरून हवी तिथे मोडायची. जास्त ठेवली तर लॅचच्या पोटात टेकते आणि किल्ली जड जाते. कमी ठेवली तर किल्ली मजेत गोल फिरते, लॅचची जीभ ढिम्म! म्हणून आधी मोजायचं, मग मोडायचं. मोडलेली पट्टी काही वाढत नाही.

एवढं जमलं की लोक हुश्श करतात. खरं काम चौकटीवर असतं, जीभ जिथे शिरते त्या घराचं. अंदाजाने ते कधीच बसत नाही. जिभेच्या टोकाला तेलात कालवलेलं कुंकू लावावं, दार लोटावं आणि जीभ चौकटीवर टेकवावी. जिथे लाल ठसा, तिथे घर. पटाशीने कोरताना घराच्या पत्र्याच्या जाडीइतकंच कोरायचं. जुन्या सागवानी चौकटीत पितळी स्क्रू सरळ पिळला तर डोकं तुटून हातात येतं. बारीक ड्रिल मारून आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू घालून काढावा, मग पितळी, साबणावर घासून. आणि खोक्यातले आखूड स्क्रू इथे नकोत. दाराला धक्का बसला तर तो या घरालाच सोसायचा असतो, दीड-दोन इंची हवेतच.

जीभ अडकायला लागली की कानस घेण्याआधी दार हँडलला धरून वर उचलून पाहावं. हललं तर दोष वरच्या बिजागरीचा. सैल भोकांत फेव्हिकॉल लावलेल्या आगपेटीच्या काड्या ठोकून स्क्रू पुन्हा पिळला की झालं. दार फुगलं असेल तर थोडा धीर धरावा. आषाढात घासलेलं घर दिवाळीत खुळखुळतं.

किल्ली जड गेली तर खोबरेल नको, ते धूळ धरून ठेवतं. शिसपेन्सिलीची पूड पुरते. हे सगळं दार उघडं ठेवून, दहा वेळा किल्ली फिरवून तपासायचं. किल्ली खिशात असू द्यावी. वारा सुटला की नवं लॅच पहिल्याच झटक्यात लागतं.